सेमीकंडक्टर थीमचा पेड रिसर्च: वर्षभर वापरून झाल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये घेतलेलं सेमीकंडक्टरवरचं पेड रिसर्च सबस्क्रिप्शन आता संपत आलंय, रिन्यूअलचे मेल रोज यायला लागलेत, म्हणून वर्षभरात काय मिळालं ते एकदा नीट लिहितो. कंपनीचं नाव लिहीत नाही. असली प्रॉडक्ट्स आता बरीच विकली जातात आणि आतला साचा थोड्याफार फरकाने सारखाच असतो, त्यामुळे घ्यायच्या आधी काय तपासायचं ते कळलं तर नावाची गरज नाही.

जीएसटीसकट १७,७०० रुपये भरले. त्यात १४० पानांची पीडीएफ, महिन्याला एक अपडेट, पंधरा दिवसांनी एक झूम आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सेबीकडे रजिस्टर्ड आहेत, आयएनएचने सुरू होणारा नंबर पहिल्याच पानावर होता आणि मी तो सेबीच्या साइटवर जाऊन तपासला, जुळला. एवढं मात्र कुणालाही पैसे देण्याआधी कराच, दोन मिनिटांचं काम आहे.

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेस बघतो. २०२१ साली चिप नाही म्हणून आख्खी लाइन उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिलीय, त्या सप्टेंबरात महिंद्राने सात दिवस नो प्रॉडक्शन डे जाहीर केले होते आणि आमच्यासारख्या सप्लायर लोकांची शेड्युल्स रोज सकाळी बदलायची, काही शे रुपयांच्या चिपसाठी लाखोंच्या गाड्या यार्डात पडून. तेव्हापासून या विषयात डोकं घातलंय. थोडी बचत यात लावावी असं मनात होतं, पण फॅबच्या, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्याच्या, आत काय चालतं ते कळल्याशिवाय पैसे टाकायचे नव्हते, म्हणून हे घेतलं.

आधी जे आवडलं नाही ते. पीडीएफची पहिली ५० पानं निव्वळ फोरकास्ट. रंगीत ग्राफ, सगळे बाण वर, २०३० पर्यंत ही इंडस्ट्री एक ट्रिलियन डॉलरची होणार, एआय, इव्ही, फाइव्ह जी, डेटा सेंटर. आकडे खोटे नाहीत, मोठ्या संस्थांचेच आहेत. माझी तक्रार अशी की हेच आकडे देणाऱ्यांचे मागचे अंदाज किती बरोबर आले होते, हे १४० पानांत एका ओळीतही नाही. गुंतवणूक करणाऱ्याला पहिली हीच गोष्ट लागते.

हे मग मीच बसून काढलं. डब्ल्यूएसटीएस म्हणून संस्था आहे, चिप कंपन्यांच्या विक्रीचे आकडे गोळा करते, सगळं जग तिचाच अंदाज छापतं. जून २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की यंदा बाजार १६.३ टक्के वाढून ६४६ अब्ज डॉलरवर जाईल. ऑगस्टमध्ये तो आकडा ६३३ वर आणला. नोव्हेंबरमध्ये थेट ५८०. आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्षात निघाले ५७४ च्या आसपास, वाढ तीन टक्क्यांच्या थोडी वर. सहा महिन्यांत १६ चे ३ झाले! बरं पुढच्या वर्षाचं काय, तर त्याच जूनमध्ये २०२३ साठी ५ टक्के वाढ सांगितलेली आणि २०२३ मध्ये बाजार ८ टक्क्यांहून जास्त पडला, ५२७ अब्ज डॉलरवर आला. कारण साधं होतं, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी लॅपटॉप आणि फोन घेऊन झाले होते, टंचाईच्या भीतीने कंपन्यांनी गरजेपेक्षा दुप्पट ऑर्डरी टाकून ठेवलेल्या, आणि गोडाऊनं भरल्यावर सगळ्यांनी एकदम खरेदी थांबवली. परचेसला बसून मी हे आमच्याकडेही पाहिलंय, माल मिळत नाही म्हटलं की दोन ठिकाणी ऑर्डर टाकायची आणि एक आली की दुसरी कॅन्सल करायची. त्या दोन ऑर्डरी वर बेरजेत दोन मागण्या म्हणूनच धरल्या जातात.

अंदाज नेहमी जास्तीच्या बाजूलाच चुकतो असंही नाही हां. मी सबस्क्रिप्शन घेतलं तेव्हा २०२५ साठी ११ टक्के वाढ आणि ६९७ अब्ज डॉलर असा अंदाज होता, पीडीएफमध्ये तोच ठळक छापलाय. वर्षअखेरीस त्याच संस्थेने तो ७७२ केला, म्हणजे २२ टक्क्यांच्या वर, आणि २०२६ साठी तर ९७५ अब्ज. एआयच्या डेटा सेंटरनी सगळे हिशोब उलटवले. ही संस्था वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, त्यांचा मागच्या महिन्यांचा डेटा सोन्यासारखा आहे. पण पुढच्या वर्षाचा आकडा सहा महिन्यांत एवढा हलत असेल तर २०३० च्या आकड्यावर ५० पानं खर्च करून त्याच्यावर शेअर निवडायला सांगणं मला पटत नाही.

आणि समजा ट्रिलियन झालंच, तरी ते कुणाच्या खिशात जाणार? २०२५ ची वाढ बघा, जवळजवळ सगळी लॉजिक (हिशोब करणाऱ्या चिप) आणि मेमरीत (डेटा साठवणाऱ्या चिप) आहे, डिस्क्रीटवाले, म्हणजे आमच्या गाड्यांमध्ये लागणारे साधे पॉवर पार्ट, ते जागच्या जागी. पीडीएफमध्ये सिलिकॉन कार्बाइडचं, म्हणजे इव्हीच्या पॉवर चिप ज्यापासून बनतात त्या पदार्थाचं, एक सुंदर चॅप्टर आहे, इव्हीमुळे मागणी कशी वाढणार वगैरे. मागणी वाढली पण. आणि त्याच धंद्यातली अमेरिकेतली सगळ्यात नावाजलेली वुल्फस्पीड जून २०२५ अखेरीस दिवाळखोरीत गेली. २०२१ मध्ये हा शेअर १०० डॉलरच्या वर होता. न्यूयॉर्क राज्यात मोठी नवी फॅब बांधली, त्यासाठी अब्जावधींचं कर्ज, इव्हीची विक्री अपेक्षेपेक्षा हळू वाढली, त्यात चिनी कंपन्यांनी वेफरचे (ज्या चकतीवर चिप बनतात तिचे) भाव पाडले, फॅब अर्धी रिकामी आणि व्याज चालू. जुन्या शेअरहोल्डर्सच्या हातात नव्या कंपनीचा पाच टक्क्यांपर्यंतचाच हिस्सा उरला. इंडस्ट्री वाढली, अंदाज बरोबर आला, आणि भागधारक संपले. महिन्याच्या अपडेटमध्ये या बातमीला चार ओळी मिळाल्या आणि आधीच्या चॅप्टरचा उल्लेखही नाही, हे मला खरंच लागलं. चुकलं तर चुकलं म्हणा, लोकांनी पैसे भरलेत.

आता जे आवडलं ते, आणि ते मनापासून आवडलं. पान ८८ पासून पुढे ३४ पानं, चिप बनवताना काय काय बिघडतं यावर. लिहिणाऱ्या मॅडम सिंगापूरच्या फॅबमध्ये ११ वर्षं काम केलेल्या आहेत आणि ते वाक्यावाक्यात दिसतं. इतकी स्वच्छ मांडणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

त्यांनी सुरुवात यील्डपासून केलीय, म्हणजे एका वेफरवरच्या किती चिप चालू निघतात ते. आमच्याकडे रिजेक्शन म्हणतात तेच, पण उलटं मोजायचं. ३०० मिलिमीटरची सिलिकॉनची चकती, तिच्यावर हजाराच्या आसपास स्टेप, आत गेलेला वेफर बाहेर यायला साधारण तीन महिने. आता प्रत्येक स्टेप ९९.९ टक्के बरोबर झाली असं धरा, आमच्या शॉपफ्लोरवर याला कुणीही शाबासकी देईल, तरी हजार स्टेपनंतर चांगला माल उरतो फक्त ३७ टक्के. प्रत्येक स्टेप ९९.९९ टक्के असेल तर ९० टक्के. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिलं. दशांश चिन्हाच्या पुढच्या त्या एका जास्तीच्या ९ साठी हा सगळा धंदा चाललाय, आणि दुसऱ्यांसाठी चिप बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या नफ्यात आणि बाकीच्यांच्या तोट्यात जो फरक आहे त्याचा मोठा भाग तिथेच आहे. इंटेलकडे पैसा कमी नव्हता, माणसं कमी नव्हती, तरी त्यांचं १० नॅनोमीटरचं तंत्र (आकडा जितका लहान तितकी चिप बारीक) २०१६ ला यायचं ते मोठ्या प्रमाणात यायला २०१९ उजाडलं. मग जुलै २०२० मध्ये ७ नॅनोमीटरही लांबलं म्हणून सांगितलं आणि एका दिवसात शेअर १६ टक्के खाली.

मग मशीनं. सगळ्यात बारीक चिपसाठी लागणारं ईयूव्ही मशीन जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल. आत वितळलेल्या कथिलाचे थेंब, सेकंदाला ५०,०००, आणि प्रत्येक थेंबावर लेझर मारून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढायचा. हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. कल्हईवाल्याकडे लहानपणी पाहिलेलं तेच कथिल. आणखी बारीक नक्षी छापणाऱ्या नव्या हाय-एनए मॉडेलची किंमत ३५ कोटी युरोच्या घरात. पण मॅडमनी लगेच पुढे लिहिलंय की एकमेव कंपनी आहे म्हणून शेअर सरळ रेषेत वर जात नाही: ऑक्टोबर २०२४ मध्ये एएसएमएलच्या नव्या ऑर्डरी अपेक्षेच्या निम्म्यासुद्धा आल्या नाहीत, तो निकाल साइटवर चुकून एक दिवस आधी लागला, आणि शेअर एका दिवसात १६ टक्के पडला. मक्तेदारी असली तरी गिऱ्हाइकाने फॅबच पुढे ढकलली तर मशीन कोण घेणार.

सगळ्यात जास्त मला पाण्याचा भाग भिडला. २०२१ मध्ये तैवानमध्ये ५० वर्षांतला सगळ्यात मोठा दुष्काळ पडला, आदल्या वर्षी एकही वादळ आलं नाही आणि धरणं आटली. सरकारने शेतीचं पाणी तोडलं, भाताची शेतं पडीक ठेवायला लावून शेतकऱ्यांना भरपाई दिली, आणि टीएसएमसीने टँकर लावले. टँकर म्हटल्यावर आपल्याला काही वेगळं सांगायला नको. पुढे कुठे फॅब येणार अशी बातमी आली की मी पहिल्यांदा धरण कुठलं आणि त्याच्यावर आधी कुणाचा हक्क आहे ते बघतो, ही सवय या ३४ पानांनी लावली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळाने वीज गेली आणि सॅमसंगची ऑस्टिनची फॅब बंद पडली, मार्चमध्ये जपानच्या नाका इथे गाड्यांच्या चिप बनवणाऱ्या रेनेसासच्या फॅबमध्ये आग लागली. आग कुठे लागली तर प्लेटिंगच्या मशीनमध्ये! आमच्या आवारातही प्लेटिंगचे टँक आहेत, तिथे काय होऊ शकतं ते मला कळतं. पण फॅबमध्ये आगीपेक्षा काजळी महाग पडते, क्लीन रूम, म्हणजे धूळ अजिबात चालत नाही अशी खोली, पुन्हा क्लीन करायला आठवडे जातात, उत्पादन पूर्ववत व्हायला तीनेक महिने गेले आणि जगभरच्या गाड्या अडकल्या. जानेवारी २०१९ मध्ये टीएसएमसीकडे फक्त एक केमिकल खराब आलं, वेफरवर नक्षी छापायला लागणाऱ्या फोटोरेझिस्टचा एक लॉट, आणि त्या तिमाहीच्या विक्रीतले ५५ कोटी डॉलर गेले. इनकमिंग इन्स्पेक्शनवाल्या लोकांनी हा प्रसंग भिंतीवर लावून ठेवावा.

घसाऱ्यावरची पानं कोरडी वाटतील पण वाचा. प्रगत फॅबला २० अब्ज डॉलर लागतात आणि आतल्या मशिनरीचा घसारा, म्हणजे तिची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात धरणं, साधारण पाच वर्षांत टाकतात. फॅब भरलेली असो नाहीतर रिकामी, घसारा चालूच. म्हणून विक्री १० टक्के पडली की नफा १० टक्के पडत नाही, कधी कधी पुसलाच जातो. मेमरीत तर हे फार जोरात दिसतं, २०२३ मध्ये आपटली आणि २०२४ मध्ये जवळजवळ ७९ टक्के वाढली, नुसतं वाढीचं वर्ष बघून घेणारा माणूस नेमका उशिरा पोचतो. आणि एक बारीक गोष्ट, इंटेलने २०२३ पासून मशिनरीचं आयुष्य पाचाऐवजी आठ वर्षं धरायला सुरुवात केली. नियमात बसतं, जाहीर केलेलं आहे, पण त्यामुळे कागदावरचा वर्षाचा घसारा कमी दिसतो, तुलना करताना हे लक्षात ठेवावं लागतं. अशा गोष्टींसाठी मी पैसे द्यायला कधीही तयार आहे.

आता भारताचा भाग, तो फार कच्चा. केंद्र सरकारची डिसेंबर २०२१ ची ७६,००० कोटींची चिप योजना, साणंदला अमेरिकेची मेमरी कंपनी मायक्रॉन २२,५१६ कोटी, धोलेराला टाटा आणि तैवानची पीएसएमसी ९१,००० कोटी आणि महिन्याला ५०,००० वेफर, आसामात जागीरोडला टाटांचेच २७,००० कोटी, सगळी यादी आहे. पण गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न, यातलं मी काय विकत घेऊ शकतो, त्याचं उत्तर गुळमुळीत. टाटा इलेक्ट्रॉनिक्स लिस्टेडच नाही. मायक्रॉन घ्यायचा तर अमेरिकेत. सीजी पॉवर लिस्टेड आहे, साणंदला त्यांचा ७,६०० कोटींचा प्रकल्प आहे, पण कंपनीची कमाई आजही मोटर, ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वेच्या सामानातून येते, म्हणजे तुम्ही मुख्यतः ते घेताय. शिवाय धोलेरा सोडलं तर वरचे बाकी सगळे पॅकेजिंग आणि टेस्टिंगचे प्लांट आहेत, तयार वेफर बाहेरून आणून इथे कापायचा, जोडायचा, तपासायचा. ते काम कमी प्रतीचं नाही, रोजगार तिथेच जास्त आहेत, पण फॅब वेगळी आणि हे वेगळं, आणि पीडीएफमध्ये दोन्हीला सरसकट फॅब म्हटलंय. मॅडमनी लिहिलेल्या ३४ पानांशी हा भाग कुणी ताडूनही पाहिला नसावा.

घोषणा आणि उत्पादन यातला फरक महाराष्ट्राइतका कुणाला माहीत असणार. वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावला येणार म्हणून माझ्या ओळखीतल्या दोघांनी तिकडे प्लॉट घेतले, सप्टेंबर २०२२ मध्ये प्रकल्प १.५४ लाख कोटींच्या करारासह गुजरातला गेला, केवढा गदारोळ झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडल्यावर तो तिथेही राहिला नाही. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तळोज्याचा अदानी आणि इस्रायलच्या टॉवर या चिप कंपनीचा ८३,९४७ कोटींचा प्रस्ताव राज्याने मंजूर केला, पुढच्याच वर्षी बोलणी थांबल्याच्या बातम्या. हे फक्त आपल्याकडेच होतं असंही समजू नका, इंटेलने जर्मनीत माग्देबुर्गला ३० अब्ज युरोची फॅब जाहीर केली आणि जुलै २०२५ मध्ये रद्द केली. घोषणेच्या दिवशी शेअर घेणाऱ्यासाठी एक पान इथे हवंच होतं.

मी स्वतः यातच पोळलो. एका झूममध्ये एका छोट्या कंपनीचं नाव ‘बघण्यासारखी’ म्हणून आलं, अधिकृत शिफारस नव्हती, नुसता उल्लेख. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच गर्दी, रोज अप्पर सर्किट (दिवसाच्या वाढीची कमाल मर्यादा), मीही ६०,००० रुपये टाकले. नंतर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला तर चिपमधून विक्री शून्य, क्लीन रूम नाही, मशीनच्या ऑर्डरी नाहीत, नुसता एक करारनामा. मग लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागत गेली, विकायला गिऱ्हाईक नाही, शेवटी २३,००० घालवून बाहेर पडलो. पैसे माझे, बटण मीच दाबलं, ते मी नाकारत नाही. पण रजिस्टर्ड रिसर्चवाल्यांनी शंभर-दोनशे लोकांसमोर असं नाव सहज बोलता कामा नये आणि हे मी त्यांना लेखी कळवलंय.

ग्रुपबद्दल एवढंच, म्यूट करा. २७ जानेवारी २०२५ ला डीपसीक या स्वस्तातल्या चिनी एआयच्या बातमीने एआय चिपवाल्या एनव्हिडियाचा शेअर एका दिवसात १७ टक्के पडला, जवळपास ५९० अब्ज डॉलर गेले, मला सबस्क्रिप्शन घेऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. ग्रुपवर रात्रभर शेकडो मेसेज, अर्धे म्हणतायत सगळं संपलं, अर्धे म्हणतायत अजून घ्या, आणि कंपनीची नोट आली नवव्या दिवशी. ज्या दिवशी आधार लागतो त्या दिवशीच कुणी नव्हतं.

परदेशी शेअर घेण्याची प्रक्रिया मात्र नीट दिलीय: एलआरएसची, म्हणजे परदेशात पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, एप्रिल २०२५ पासून १० लाखांच्या वर पाठवलं की २० टक्के टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो टॅक्स), रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता). माझ्या सीएने वाचून बरोबर आहे म्हणून सांगितलं.

काय काय फुकट मिळतं तेही सांगतो, कारण अर्ध्या अपडेट त्याच्यावरच बनवलेल्या असतात. टीएसएमसी दर महिन्याला १० तारखेच्या आसपास मागच्या महिन्याची विक्री स्वतःच जाहीर करते. अमेरिकेतली एसआयए ही संघटना जगाची मासिक विक्री छापते. मायक्रॉनचे तिमाही निकाल आणि त्यावरची चर्चा ऐकली की मेमरीचा भाव कुठे चाललाय ते कळतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी क्रुशियल हा आपल्यासारख्या ग्राहकांना रॅम विकणारा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं, सगळा माल डेटा सेंटरकडे वळवायचा म्हणून, यापेक्षा मोठी टंचाईची खूण कुठली असते? आणि ऑटोवाल्यांनी चिनी मालकीच्या डच चिप कंपनी नेक्सपिरियाचं प्रकरण वाचा, ऑक्टोबर २०२५ मध्ये डच सरकार आणि चीनच्या भांडणात साध्या स्वस्त चिप अडकल्या आणि होंडासारख्यांना उत्पादन कमी करावं लागलं. आमच्याकडे त्या आठवड्यात मी रोज रात्री दहापर्यंत ऑफिसात होतो. पेड अपडेटमध्ये त्याचा उल्लेख नोव्हेंबरच्या शेवटी.

तर पाचपैकी किती म्हणाल तर फॅबच्या ३४ पानांना पाच, टॅक्सच्या भागाला चार, भारताच्या भागाला दीड, फोरकास्टला एक. नवीन माणसाने आख्खं पॅकेज घ्यावं असं मी सांगणार नाही, आणि ज्याला घ्यायचंच आहे त्याने आधी सॅम्पलमध्ये यील्ड आणि घसाऱ्यावरची पानं मागावी, ती देत नसतील तर सोडून द्यावं. मी रिन्यू केलेलं नाही. मेल टाकलाय की मॅडमचा भाग वेगळा विकणार असाल आणि दर तिमाहीला अपडेट करणार असाल तर मी पाच हजार आनंदाने देईन, आणि ग्रुपमध्ये मला घालू नका. उत्तर आलं की इथेच लिहितो.